बापाची सही आणि मुलाची भेट

तिलवाऱ्याच्या पुलावरून नर्मदा ओलांडून नागपूरच्या रस्त्याला लागलं, बरगी मागे पडली, की थोड्या वेळात जबलपूर जिल्हा संपतो आणि सिवनी जिल्हा सुरू होतो. ट्रक, बसगाड्या, लग्नाची वऱ्हाडं ही हद्द ओलांडून जातात आणि कुणाच्या ध्यानातही येत नाही. १८९० च्या पालक आणि पाल्य कायद्याच्या लेखी मात्र ही हद्द मोठी आहे. त्याचं २६ वं कलम सांगतं, की न्यायालयाने नेमलेल्या पालकाने मुलाला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर न्यायचं असेल, तर नियमांत नमूद केलेली कारणं सोडता न्यायालयाची परवानगी घ्यायला हवी. कायदा झाला तेव्हा मुलाला दूर नेणं म्हणजे फार तर परजिल्ह्यातल्या मामाकडे धाडणं. आज त्याच जिल्ह्यातून मुलं लंडनला, टोरांटोला, सिडनीला जातात. आईबाप वेगळे झालेले असतील, तर त्या प्रवासाचा निकाल न्यायालयापेक्षा व्हिसाच्या फाइलमधला एक कागदच लावून टाकतो. तो कागद म्हणजे दुसऱ्या पालकाची सही. माझं म्हणणं असं, की या सहीने मुलाच्या भेटीची जागा बळकावली आहे. सही मिळाली की भेटीचा विषय संपला असं सगळे धरून चालतात, आणि सही मिळाली नाही तर भेटीबद्दल बोलायचं कुणाच्या मनातही येत नाही.

जबलपुरात मराठी माणूस नवा नाही. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हा मुलूख घेतला, पुढे १७९८ मध्ये तो नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७ मध्ये इंग्रजांकडे गेला. कचेरी, रेल्वे, कोर्ट यांच्या निमित्ताने आलेली घरं मग इथलीच झाली. त्यांची पुढची पिढी शिक्षणाला पुण्याला, नोकरीला बंगळुरूला आणि तिथून परदेशी जाते, संसार मोडले तर तेही तिकडेच मोडतात. मग एक नेहमीचं चित्र उभं राहतं. आई नोकरीसाठी इंग्लंडला निघाली आहे, नऊ वर्षांचा मुलगा तिलवाऱ्याला आजीआजोबांकडे आहे, बाप नागपुरात आहे आणि घटस्फोटाच्या कन्सेंट टर्म्समध्ये लिहिलं आहे, ‘मुलाचा ताबा आईकडे राहील, वडिलांना भेटीचा हक्क राहील.’ बस्स, एवढंच. कोणत्या दिवशी, कुठे, सुट्टीत किती दिवस, फोनवर कधी, परदेशी गेल्यास काय, यातलं काहीही नाही. दोन्ही बाजूंच्या वकिलांना त्या दिवशी प्रकरण मिटवायचं होतं, ते मिटलं.

पहिला अडथळा पासपोर्टचा. अठरा वर्षांखालच्या मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांसाठी किंवा वयाची अठरा वर्षं पूर्ण होईपर्यंत, जे आधी येईल तोवर चालतो. म्हणजे सहीचा प्रश्न मूल मोठं होईपर्यंत दोन-तीनदा तरी दारात येतो. भोपाळच्या पासपोर्ट कार्यालयात असो की पुण्याच्या, आईबाप दोघांच्या सहीचं प्रतिज्ञापन ‘ॲनेक्शर डी’वर द्यायचं असतं. दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर एका पालकाने कारण सांगून ‘ॲनेक्शर सी’ भरायचं. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने नियम बरेच सैल केले. अर्जात एकाच पालकाचं नाव पुरतं आणि घटस्फोटाचा हुकूमनामा जोडायची सक्ती गेली. एकट्या आयांसाठी हा मोठा दिलासा होता आणि तो योग्यच होता. पण ‘सी’ असो की ‘डी’, दोन्ही कागद संमती आहे की नाही एवढंच विचारतात. मूल गेल्यावर राहिलेल्या पालकाला ते कसं भेटणार, हा प्रश्न कोणत्याच रकान्यात नाही. पासपोर्ट कार्यालयाचं ते कामही नाही. ज्यांचं आहे ते कौटुंबिक न्यायालय याबाबत गप्प राहिलेलं असतं, आणि खरी अडचण तिथे आहे.

ही सही इतकी वजनदार का झाली, याचं मूळ आपल्या पालकत्वाच्या कायद्यात आहे. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं सहावं कलम नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाला मानतं आणि ‘त्याच्यानंतर’ आईला. पाच वर्षांखालच्या मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा असं तेच कलम म्हणतं, म्हणजे सांभाळायचं आईने आणि सही बापाची. या रचनेला पहिला मोठा तडा एका जमिनीच्या वादात गेला. जिजाबाई गजरे विरुद्ध पठाणखान या १९७० च्या खटल्यात बाप हयात होता, पण कित्येक वर्षं वेगळा राहत होता आणि मुलीच्या व्यवहारात लक्ष घालत नव्हता. अशा वेळी आईलाच नैसर्गिक पालक मानता येतं, असं सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पुढे लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायचं ठरवलं, तेव्हा बँकेने बापाची सही मागितली. गंमत म्हणजे नवरा त्यांच्याच बाजूने होता, न्यायालयातही दोघं मिळून गेले. फेब्रुवारी १९९९ मध्ये निकाल लागला, की बापाचं निधन झाल्यावरच आईचा हक्क सुरू होतो असं नाही. बाप मुलाच्या कारभारापासून प्रत्यक्षात दूर असेल, तरीही आई पालक असते. कलम मात्र तसंच राहिलं. म्हणून बँकेच्या, शाळेच्या आणि पासपोर्टच्या खिडकीवरचा कारकून आजही आधी बापाची सहीच शोधतो.

भारताबाहेर गेलं की वेगवेगळे देश या सहीकडे वेगवेगळ्या नजरेने बघतात. ऑस्ट्रेलियाचा नियम त्यातल्या त्यात सरळ आहे. मुलाने कुठे राहावं हे ठरवण्याचा कायदेशीर अधिकार ज्यांना ज्यांना आहे, त्या प्रत्येकाची संमती हवी, नाहीतर मुलाच्या देशाचा कायदा ते नेणं मान्य करतो असं दाखवावं, किंवा ऑस्ट्रेलियन न्यायालयाचा आदेश असावा. त्यासाठी १२२९ क्रमांकाचा फॉर्म आहे. कॅनडा सोबत न येणाऱ्या पालकाचं संमतीपत्र मागतो. कॅनडाची दुसरी अट आपल्याकडे फारशी माहीत नसते. स्थलांतर करणाऱ्याने आपली सगळी मुलं अर्जात दाखवायची असतात, दुसऱ्या पालकाकडे राहणारी आणि सोबत न जाणारी मुलंसुद्धा, आणि त्यांची वैद्यकीय तपासणीही करून घ्यायची असते. तसं केलं नाही तर पुढे त्या मुलाला कुटुंब म्हणून बोलावण्याची वाट सहसा बंद होते. इथे पारडं फिरतं. बाप कॅनडाला निघाला असेल तर मुलाला डॉक्टरकडे नेण्यासाठी त्याला आईचं सहकार्य लागतं, आणि सही अडवायची संधी आता तिच्याकडे येते.

इंग्लंडचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं आहे. कामाच्या व्हिसावर निघालेल्या पालकाला मूल न्यायचं असेल (वृद्धांची देखभाल करणाऱ्या ‘केअर वर्कर’ना मार्च २०२४ पासून नव्याने ती मुभाच उरलेली नाही), तर सामान्य नियम असा, की आईबाप दोघंही तिथे जात असावेत. एकटी आई जात असेल तर मुलाच्या संगोपनाची जबाबदारी सर्वस्वी तिच्याच एकटीवर आहे हे तिने सिद्ध करायचं, नाहीतर गंभीर आणि सबळ कारणं द्यायची. आता ही अट आईला काय शिकवते पाहा. जिने घटस्फोटानंतरही बापाला घरात येऊ दिलं, शाळेच्या पालकसभेला बोलावलं, मुंज दोघांनी मिळून केली, तिची फाइल कच्ची दिसते. जिने बापाचं नावच पुसून टाकलं, तिची फाइल भक्कम दिसते. मग सल्ला मिळतो, की प्रतिज्ञापत्रात लिहून टाका, ‘वडिलांचा मुलाशी काही संबंध नाही.’ बापालाही समजावलं जातं, ‘मुलाच्या भल्यासाठी एवढी सही कर.’ तो बिचारा मुलाच्या भल्यासाठी स्वतःला मुलाच्या आयुष्यातून खोडून टाकतो.

पुढे त्या बापाला मुलाला भेटावंसं वाटतं आणि तोच कागद त्याच्या अंगावर येतो. इंग्लंडच्या कौटुंबिक नियमांत जुलै २०१२ पासून पालकांसाठी एक स्वतंत्र वाट आहे. मूल अठराच्या आतलं आणि ब्रिटिश नागरिक किंवा तिथे स्थायिक झालेलं असावं, ते ज्याच्याकडे राहतं तो पालकही ब्रिटिश किंवा स्थायिक असावा, आणि अर्जदाराला मुलाला भेटण्याचा हक्क असावा. ती भेटही प्रत्यक्ष, समोरासमोरची असायला हवी, आणि एकतर सांभाळणाऱ्या पालकाशी ठरलेली किंवा तिथल्या न्यायालयाने दिलेली. शिवाय मुलाच्या वाढीत आपण सक्रिय भाग घेतो आणि पुढेही घेणार आहोत, याचे पुरावे हवेत. आता नागपूरच्या किंवा तिलवाऱ्याच्या बापाने प्रत्यक्ष भेट दाखवायची कशी? मुलाला भेटायला व्हिसा हवा आणि व्हिसाला आधी भेट हवी. आई अजून कामाच्या व्हिसावरच असेल, तर तिला स्थायी परवाना मिळेपर्यंत कित्येक वर्षं ही वाट बंदच असते. उरतो तो पाहुण्याचा व्हिसा. त्यावर जाऊन तिथल्या तिथे पालकाच्या वाटेवर उडी मारता येत नाही, परत येऊनच अर्ज करावा लागतो. त्यातून पाहुण्याच्या अर्जात ‘तुम्ही परत जाल कशावरून?’ हा प्रश्न असतोच, आणि ज्याचं मूल तिकडे आहे त्याच्याविषयी अशी शंका कुणाला आली तर नवल नाही.

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये, अमेरिकेतून राजस्थानात आणलेल्या एका मुलीच्या प्रकरणात, या विषयावर फार शहाणपणाचं विवेचन केलं आहे. ताबा एकाकडे दिला तरी मुलाला दोघांचं प्रेम मिळायला हवं, म्हणून न्यायालयांनी भेटीचे दिवस, वेळ, पद्धत नेमकेपणाने ठरवावी, आणि पालक दूरच्या देशात असेल तर व्हिडिओ कॉलवरून संपर्काचा हक्कही द्यावा, असा त्याचा आशय आहे. आदेश उत्तमच आहे. पण इंग्लंडच्या पालक-व्हिसासाठी व्हिडिओ कॉल प्रत्यक्ष भेटीत धरला जात नाही. म्हणजे भारतीय न्यायालयाने रोज दहा मिनिटांचा कॉल दिला आणि तेवढ्यावरच थांबलं, तर बापाच्या हातात जो कागद येतो त्याने तिकडचं दार उघडत नाही. म्हणून सुट्टीतल्या प्रत्यक्ष भेटी आदेशात आल्याच पाहिजेत.

भेटीसाठी देशात राहू देण्याचा विचार जगाला नवा नाही. ॲमस्टरडॅममध्ये राहणारा बेरेहाब नावाचा एक मोरोक्कन माणूस डच पत्नीशी घटस्फोट झाल्यावर तिथला परवाना गमावून बसला, कारण परवाना ‘डच पत्नीबरोबर राहण्यासाठी’ दिलेला होता. तो आठवड्यातून चार वेळा, काही तास, आपल्या लहान मुलीला भेटत होता. तरी त्याला देशाबाहेर काढण्यात आलं. २१ जून १९८८ रोजी युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ठरवलं, की लग्न मोडल्याने बाप आणि मुलीचं कौटुंबिक नातं मोडत नाही आणि त्याला हाकलणं हा त्या नात्यावरचा अतिरेकी घाला होता. या निकालात तो जिंकला तो आठवड्याच्या त्या चार भेटींवर. नुसता हक्क सांगून त्याला काही मिळालं नसतं. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारातही, जो भारताने डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारला, नववं आणि दहावं कलम हेच बोलतात. वेगळ्या राहणाऱ्या, वेगळ्या देशांत राहणाऱ्या आईबापांशी नियमित संपर्क ठेवण्याचा हक्क मुलाचा आहे, आणि कुटुंबाच्या पुनर्मीलनासाठीचे अर्ज सरकारांनी माणुसकीने व लवकर हाताळावेत. हक्क मुलाचा असेल तर आईने तो सहीच्या बदल्यात सोडवून घेणं किंवा बापाने पोटगी कमी करून घेण्यासाठी तो वापरणं, दोन्ही गैर ठरतं.

मग करायचं काय? आपल्या हुकूमनाम्यांत एकत्र कोंबलेल्या तीन गोष्टी वेगळ्या करायच्या: मूल कुणाकडे राहील, मोठे निर्णय कोण घेईल आणि दुसरा पालक त्याला कसा भेटेल. असं केलं तर इंग्लंडची अडवणूकही बरीच सुटते. तिथल्या न्यायाधिकरणाने २००६ मध्ये एका येमेनी कुटुंबाच्या प्रकरणात कसोटी सांगितली, ती अशी की मुलाच्या वाढीची दिशा आणि त्यातले महत्त्वाचे निर्णय सतत कुणाच्या हातात आहेत ते पाहायचं. बाप भेटतो, फोन करतो, वाढदिवसाला सायकल पाठवतो, एवढ्याने आईची एकटीची जबाबदारी आपोआप नाहीशी होत नाही. शाळा, औषधोपचार, धर्म, राहण्याचं ठिकाण हे निर्णय आईच घेते असं आदेशात स्वच्छ लिहिलेलं असेल, तर बापाला भेटीचा भरघोस हक्क देऊनही आई प्रामाणिकपणे अर्ज करू शकते. खोटं प्रतिज्ञापत्र करायची वेळ येत नाही आणि बापाच्या पुढच्या अर्जासाठी त्याच आदेशात पायाही तयार होतो. विधी आयोगाने मे २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची आणि भेटीच्या तपशीलवार मार्गदर्शक तत्त्वांची शिफारस केली होती, त्या दिशेनेच हे आहे. फक्त त्यात परदेशाचा परिच्छेद ठळक हवा. उन्हाळ्याच्या आणि नाताळच्या सुट्टीतले किती दिवस कुठे, तिकीट कुणी काढायचं, आजीआजोबांची भेट त्यात धरायची का, मुलाचा पासपोर्ट कुणाकडे, त्याच्या नूतनीकरणाची सही किती दिवसांत द्यायची आणि दिली नाही तर हा आदेशच संमती समजायचा का, बाप पाहुणा म्हणून गेल्यास निमंत्रणपत्र कुणी द्यायचं. नऊ वर्षांच्या मुलाला यातलं बरंच कळतं. समज आलेल्या मुलाची पसंती न्यायालय विचारात घेऊ शकतं, हे १८९० च्या कायद्यातही लिहिलेलं आहे.

यावर पहिला आक्षेप स्त्रियांच्या बाजूने येईल आणि तो हलका नाही. मारझोडीतून सुटलेल्या बाईला परदेशातल्या नोकरीने कुठे मोकळा श्वास मिळतो आहे, तिच्या गळ्यात भेटीच्या हक्काची दोरी पुन्हा का अडकवायची? पण दोरी आज आहेच, सहीच्या रूपाने, आणि तिच्यावर कुणाचंच नियंत्रण नाही. सही अडवणाऱ्या नवऱ्याला कारण द्यावं लागत नाही. न्यायालयात भेटीचा हक्क मागायला आला तर त्याला आपली वागणूक तपासू द्यावी लागते, हिंसेचा इतिहास असेल तर भेट देखरेखीखाली ठेवता येते किंवा नाकारताही येते. १९५६ च्याच कायद्याचं तेरावं कलम मुलाचं हित सर्वोच्च मानतं. तेव्हा दुसऱ्या पालकाच्या नकाराधिकाराला कात्री लागायची तर ती तपशीलवार आदेशानेच लागेल.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे, की भेटीच्या नावाखाली मूल पळवलं तर? हे घडलेलं आहे, तेही महाराष्ट्राच्या अंगणात. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आठवड्याच्या सुट्टीच्या भेटीसाठी नेलेल्या मुलाला बाप थेट पुण्याला घेऊन आला. आई पाठोपाठ आली आणि त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने मूल तिच्या स्वाधीन केलं. अलीकडचं उदाहरण तर अधिक बोचरं आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका मुलाला केनियातल्या बापाकडे जाऊ दिलं. अट घातली, की तिथल्या न्यायालयाकडून असाच हुबेहूब आदेश, ज्याला ‘मिरर ऑर्डर’ म्हणतात, आधी आणायचा, म्हणजे आईच्या भेटी तिकडेही बंधनकारक होतील. एक कोटी रुपयांची अनामतही भरायला लावली. तरीही बापाने पुढे शब्द फिरवला आणि २०२१ मध्ये न्यायालयाला आपला आदेश मागे घ्यावा लागला. अनामत ठेवा, मिरर ऑर्डर घ्या, तरी फसवणूक करायचीच असेल तर माणूस करतो. पण या दुसऱ्या प्रकरणात निदान फसवणूक झाली हे सिद्ध करता आलं, कारण काय ठरलं होतं ते ओळीओळीने लिहिलेलं होतं. ‘वडिलांना भेटीचा हक्क राहील’ या एका वाक्याचा भंग झाला, हे कोणत्या न्यायालयात आणि कसं दाखवणार?

तिसरी अडचण मात्र खरोखर आपल्या हाताबाहेरची आहे, निदान कौटुंबिक न्यायालयाच्या. मुलांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणासंबंधीचा हेग करार ऑक्टोबर १९८० चा. शंभराहून अधिक देश त्यात आहेत, भारत नाही. त्या करारात मूल परत पाठवण्याची तरतूद तर आहेच, पण भेटीच्या हक्काची स्वतंत्र व्याख्याही आहे, आणि एकविसाव्या कलमानुसार दुसऱ्या देशात तो हक्क बजावायला तिथल्या सरकारी यंत्रणेची मदत मागता येते. विधी आयोगाने मार्च २००९ मध्ये, २१८ व्या अहवालात, भारताने त्यात सामील व्हावं असं सुचवलं. ऑक्टोबर २०१६ च्या २६३ व्या अहवालात विधेयकाच्या मसुद्याचाही विचार झाला. न्यायमूर्ती राजेश बिंदल यांच्या समितीने २०१८ मध्ये अहवाल दिला. विरोधाचं मुख्य कारण असं, की छळाला कंटाळून मुलाला घेऊन माहेरी परतलेल्या भारतीय आयांना हा करार परदेशात लोटेल. ही भीती खरी आहे, आणि परत पाठवण्याच्या कलमांवर तिची छाया पडणारच. भेटीच्या कलमाला मात्र ती लागू होत नाही. त्या भागापुरते द्विपक्षीय करार इंग्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाशी व्हावेत अशी मागणी करायला कुणाची हरकत असायचं कारण नाही. तोवर कन्सेंट टर्म्स लिहायला बसलेल्या वकिलाने ते एक वाक्य खोडून तिथे पान-दोन पानांचं परिशिष्ट जोडावं. त्याला संसदेची परवानगी लागत नाही, आणि न्यायाधीशाने हे परिशिष्ट नसेल तर संमतीचा अर्ज पुढच्या तारखेवर टाकायला काहीच अडत नाही.